जुन्या स्पोर्ट्स मोटारीची क्लच प्लेट घरी बदलणे

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील जोड चालकाला पेडलने सोडवता व पुन्हा सांधता यावा यासाठी केलेली योजना म्हणजे क्लच होय. इंजिनाच्या टोकावरील फ्लायव्हील आणि त्यावर बोल्टांनी आवळलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट चेपलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेरिंग प्रेशर प्लेटमधील थाळीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटे आत ढकलते, चेपण सुटते आणि प्लेट मोकळी होते. प्लेटवरचे लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजत आले की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेरिंग हा संच बदलावा लागतो. मराठी परिभाषेत फ्लायव्हीलला प्रचक्र आणि बेरिंगला धारवा असे नेमके शब्द आहेत. तथापि बडोद्याच्या मराठी घरांतही हातात पाना आला की फ्लायव्हील आणि बेरिंगच म्हटले जाते, म्हणून येथे तेच शब्द वापरले आहेत.

वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढणे, पण गाडीचा वेग न वाढणे, हे झिजेचे मुख्य लक्षण आहे. बडोदे सपाटीवर वसलेले असल्याने चढणीची परीक्षा येथे सहजी होत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ती करता येते. मांडवी किंवा रावपुऱ्याच्या गर्दीत हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धे दाबून, रांगत जाण्याची सवय लायनिंगला सर्वांत जाचक ठरते. याउलट रिव्हर्स टाकताना गिअर करकरणे हे बहुधा झिजेचे लक्षण नसते, तर क्लच पुरता सुटत नसल्याचे असते, आणि त्याचे मूळ पुष्कळदा पेडलचा दाब द्रवाने क्लचपर्यंत पोचवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरांत सापडते. त्यांत भरलेले ब्रेक फ्लुइड हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या सिलिंडरांना आतून गंज चढतो आणि रबरी सील फाटतात. सिलिंडर न तपासता गिअरबॉक्स उतरवणे ही या कामातील सर्वांत महागडी चूक होय.

ओलीचा दुसरा परिणाम म्हणजे गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसणे. विश्वामित्री नदीच्या २०१९ आणि २०२४ मधील पुरांचा अनुभव असलेल्या शहरात हा दोष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणात, पाणी शिरून तेथे साचले तर थोड्या दिवसांतच दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात. दीर्घकाळ उभ्या करायच्या मोटारीचे क्लच पेडल लाकडी दांडक्याने दाबून ठेवण्याचा जुना प्रघात याच कारणाने पडला आहे.

कामाचा व्याप मोटारीच्या रचनेवर ठरतो. ट्रायम्फ स्पिटफायर या १९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या मोटारीत आसने आणि मधला बोगदा काढून गिअरबॉक्स आतूनच उचलून घेतात. पूर्वी मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेरल्ड याच घराण्यातील असल्याने तिच्यावर हात बसलेल्या माणसाला स्पिटफायर परकी वाटत नाही. त्याच काळातील एमजीबीमध्ये गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिन उचलावेच लागते. हे इंजिन दीडशे किलोहून अधिक भरते. जुन्या वाड्यातील सागवानी तुळईला चेनकप्पी अडकवून ते उचलण्याचा मोह होतो, पण तुळईची ताकद बाहेरून कळत नाही, आणि भाड्याने आणलेली लोखंडी घोडी हाच येथे एकमेव सुज्ञ मार्ग आहे. १९८९ नंतरच्या माझदा एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स खालून उतरतो.

खालून करायच्या कामासाठी मोटार काँक्रीटच्या पक्क्या जमिनीवर चार स्टँडांवर ठेवतात. केवळ जॅकच्या भरवशावर किंवा विटांवर तोललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. बॅटरीची तार सोडवून, गिअरबॉक्समधील तेल काढून, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जोडांवर खूण करून तो उतरवतात. मग स्टार्टर, स्पीडोमीटरची केबल आणि स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडील क्लच सिलिंडर) सोडवून, इंजिनाला संपखाली (तळच्या तेलकुंडीखाली) लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन बेल हाउसिंगचे बोल्ट काढतात. लहान स्पोर्ट्स मोटारीचा गिअरबॉक्सही साधारण ३० ते ४५ किलोंचा असतो, म्हणून दुसरा माणूस सोबत असावाच. काढताना वा बसवताना गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर, म्हणजे प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर, लोंबू दिला तर प्लेटचा मधला हब वाकतो आणि नवी प्लेट पहिल्याच दिवशी निकामी होते.

बेल हाउसिंगमधील काळी धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. धूळ ओली करून फडक्याने पुसावी व मास्क लावावा.

येथून पुढचा तपास हाच या कामाचा गाभा होय, कारण एवढ्या कष्टाने उघडलेली जागा पुन्हा लवकर उघडायची नसते. प्लेट तेलकट असेल तर इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गळती आहे. ती न थांबवता टाकलेली नवी प्लेटही तशीच भिजते. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्यास ते घासून सपाट करून घ्यावे लागते, आणि बडोद्यात त्यासाठी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रशाळा जवळ पडतात. फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेले, इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे छोटे पायलट बुश पुष्कळ जण तसेच सोडतात. त्यामागच्या पोकळीत ग्रीस ठासून, बुशच्या छिद्रात अचूक बसणारा दांडा घालून हातोडीने ठोकले की ग्रीसच्या दाबाने ते अलगद बाहेर येते. नवे कांस्य बुश सच्छिद्र असल्याने बसवण्यापूर्वी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतात. परदेशी मोटारीची प्लेट मिळत नसेल तर जुन्या चकतीवर नवे लायनिंग रिव्हेटांनी मारून घेण्याची सोय आपल्याकडे आहे. हबच्या स्प्रिंगा घट्ट आणि त्याचे दाते न झिजलेले असतील तरच हा मार्ग स्वीकारण्याजोगा ठरतो.

बसवताना प्लेटची बाजू पाहावी लागते. बहुतेक प्लेटांवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. प्लेट केंद्रात नसेल तर इनपुट शाफ्ट आत शिरतच नाही, म्हणून खास दांडा, जुना इनपुट शाफ्ट किंवा चिकटपट्टी गुंडाळून जाडीला आणलेली लाकडी काठी घालून ती मध्यावर धरतात. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, एका वेळी अर्धा फेरा याप्रमाणे आवळत जातात आणि शेवटी मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आणतात. इनपुट शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा पातळ हात पुरेसा असतो. जास्तीचे ग्रीस उडून लायनिंगवर येते. गिअरबॉक्स बोल्टांनी ओढून बसवू नये, तो हातानेच बेल हाउसिंगच्या खुंट्यांवर टेकला पाहिजे.

स्लेव्ह सिलिंडर जोडल्यावर हायड्रॉलिक व्यवस्थेतील हवा काढतात; केबलच्या मोटारीत पेडलला पुस्तिकेप्रमाणे मोकळी चाल ठेवतात, आणि लायनिंग झिजेल तशी ती कमी होत असल्याने अधूनमधून तपासतात. नवे लायनिंग फ्लायव्हीलवर पूर्ण बसेपर्यंत, म्हणजे पहिले सुमारे ५०० किलोमीटर, झटक्याने गाडी उचलणे आणि हाफ क्लच दोन्ही टाळावे लागतात.