सीव्ही जॉइंट: बूट, ग्रीस आणि ॲक्सल काढण्याचं काम

पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या ॲक्सलला वळावं लागतं, खड्ड्यांबरोबर वरखाली व्हावं लागतं आणि तरीही चाक एकसमान वेगानं फिरवावं लागतं. साधा युनिव्हर्सल जॉइंट (दोन दांडे कोनात जोडणारा सांधा) ३० अंशांत वाकवला, तर चाकाकडचा वेग दर फेरीत दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा १३ टक्क्यांनी घटतो. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानं १९२७ साली पेटंटसाठी अर्ज केलेल्या रचनेत हा दोष नाही; म्हणूनच अशा जॉइंटला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसमान वेगाचा) जॉइंट म्हणतात. तिच्या आजच्या रूपात बहुधा सहा पोलादी गोळ्या पिंजऱ्यात बसतात आणि दोन्ही दांड्यांमधला कोन बरोबर निम्मा करणाऱ्या प्रतलात राहतात. चाकाकडे सहसा हाच जॉइंट असतो. गिअरबॉक्सकडे बहुतेकदा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो; तो आतबाहेर सरकून लांबी जुळवून घेतो.

जॉइंट वाकलेला असताना प्रत्येक गोळी दर फेरीला खाचेत पुढेमागे जाते, थोडी लोळत आणि थोडी घसरत. म्हणून इथे मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं काळं ग्रीस लागतं. बूट (जॉइंटवरचं घडीदार लवचीक आवरण) फाटला की ते बाहेर उडतं, माती आणि पाणी आत शिरतं आणि खाचांना खड्डे पडतात. पूर्ण वळणावर येणारी ‘कट्-कट्’ ही गोळ्या त्या खड्ड्यांच्या कडा ओलांडताना होते. वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर संशय आतल्या जॉइंटवर घ्यावा. कटकट सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून काही साधत नाही. झिजलेलं पोलाद भरून येत नाही, तेव्हा जॉइंट किंवा अख्खा ॲक्सल बदलावा. आवाज नसेल आणि फाट नवी असेल, तर बूट आणि ग्रीस पुरे.

ॲक्सलचा नट (बहुधा ३०, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा) गाडी जमिनीवर असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून, सैल करा. मग गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) सोडवून हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढा, ब्रेकच्या नळीवर ताण येऊ देऊ नका. दांडा हबमधून निघत नसेल, तर नट टोकाशी सपाट ठेवून मऊ हातोडीनं ठोका, म्हणजे आटे वाचतात. गिअरबॉक्सकडचं टोक पहारीनं उचकटायचं. दांडा धरून ओढाल, तर ट्रायपॉड आतल्या आत निखळतो. खाली तेलासाठी भांडं ठेवा आणि ऑइल सीलला पहार लागू देऊ नका. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही ॲक्सल एकदम काढले, की डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) आतले गिअर जागा सोडतात, म्हणून एकेकच काढा.

बाहेरचा जॉइंट अनेकदा सर्कलिपवर (दांड्याच्या खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीवर) अडकलेला असतो. पितळी दांडी आतल्या रिंगला टेकवून एक नेटका ठोका दिला, की तो सुटतो. सगळं जुनं ग्रीस धुऊन पूर्ण वाळवा. गोळ्या काढायच्या असतील, तर आधी आतली रिंग, पिंजरा आणि बाहेरचा कप यांवर रंगानं खूण करा. खाचेत नख अडकेल एवढा खड्डा किंवा पिंजऱ्याला तडा दिसला, तर तो जॉइंट परत बसवू नये.

नवा बूट आणि त्याचा लहान क्लॅम्प जॉइंट बसवण्याआधी दांड्यावर चढवा. हे विसरलं, तर पुन्हा सगळं उघडावं लागतं. किटमधलं ग्रीस (बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम) सगळं वापरा: बरंचसं गोळ्यांमध्ये दाबून, उरलेलं बुटात. आतल्या जॉइंटला त्याच्यासाठी दिलेलंच ग्रीस घाला. वेगवेगळी ग्रीस मिसळली, तर पातळ होऊन गळू शकतात. क्लॅम्प आवळण्याआधी बुटाच्या कडेखाली बोथट पेचकस घालून अडकलेली हवा सोडा. फुगलेला किंवा चिमटलेला बूट लवकर फाटतो.

सर्कलिप नवी घाला. ॲक्सल आत ढकलताना ‘खट्’ झालं की ओढून खात्री करा. नवा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच आवळा. बऱ्याच गाड्यांत तो २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा वर असतो आणि व्हील बेअरिंगचा दाब त्यावरच ठरतो. त्यामुळे ॲक्सल काढून गाडी चाकांवर ढकलणंही धोक्याचं, बेअरिंग उकलू शकतं. शेवटी गिअरबॉक्सचं तेल पातळीपर्यंत भरा.