चलनमूल्यांचा डेटा टाइप

चलनमूल्यांचा डेटा टाइप : डेटाबेसच्या तक्त्यात रकमेचा स्तंभ कोणत्या प्रकारचा ठेवावा, यासंबंधीचा निर्णय. प्रचारात चार पर्याय आहेत : द्विमान, म्हणजे दोनाच्या पायावरची, तरंगबिंदू संख्या (३२ बिटांची फ्लोट, ६४ बिटांची डबल), दशमान अचूक संख्या (डेसिमल, न्यूमरिक), सर्वांत लहान एककातील पूर्णांक (रुपयांऐवजी पैसे) आणि काही प्रणालींतला खास ‘मनी’ प्रकार.

फ्लोट रकमेसाठी वर्ज्य, याबद्दल जवळपास एकमत आहे. संगणकातील तरंगबिंदू संख्यांच्या आयईईई ७५४ (१९८५) या मानकातील द्विमान अपूर्णांकाचा छेद दोनाचाच घात असतो. दहा पैसे, म्हणजे १/१० रुपया, त्यात नेमका बसत नाही. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते ती यामुळेच. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये तर १,३१,०७२ रुपयांपुढे लगतच्या दोन संख्यांतले अंतरच दीड पैशाहून अधिक होते.

ही अडचण मुळात दशमान चलनाची आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. आणा (१/१६) आणि जुना पैसा (१/६४) द्विमानात तंतोतंत बसतात. पै मात्र बसत नाही, कारण १९२ मध्ये तीनाचा अवयव आहे. त्याच कारणाने पै दशमानातही संपत नाही. नागपूरच्या इतवारीतील एखाद्या पेढीची जुनी रोजकीर्द संगणकावर घ्यायची झाल्यास डेसिमलही अपुरे पडेल. सर्व रकमा पैंत रूपांतरित करून पूर्णांक ठेवणे हाच तिथे बिनचूक मार्ग.

‘मनी’ प्रकाराविषयी मतभेद अधिक. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीत तो आठ बाइटांचा, चार दशांश स्थळांचा असून त्याची कमाल मर्यादा सुमारे ९२२ लाख कोटी आहे. आत खरे तर दहा हजारांनी गुणलेला पूर्णांकच असतो. जागा वाचते, असे समर्थक म्हणतात. पण तेवढ्याच आवाक्याचे डेसिमल(१९,४), म्हणजे एकूण १९ अंक व त्यांतले चार दशांश स्थळांचे, नऊ बाइट घेते, म्हणजे बचत एका बाइटाची. उलट, मनीला मनीने भागले तर उत्तरही चार स्थळांवर छाटले जाते : १ भागिले ३, गुणिले ३ केल्यावर ०.९९९९ उरतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीच्या ‘मनी’त दशांश स्थळे सर्व्हरच्या स्थानिक मांडणीवर (देशानुसार चलन लिहिण्याच्या सेटिंगवर) ठरतात, त्यामुळे वेगळ्या मांडणीच्या सर्व्हरवर डेटा हलवणे जोखमीचे. सामान्य व्यवहारासाठी डेसिमल पसंत करणारा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. मायएसक्यूएलमध्ये त्याला ६५ अंकांपर्यंत आणि ओरॅकलच्या नंबर प्रकारात ३८ अंकांपर्यंत वाव आहे. एसक्यूलाइटमध्ये खरा दशमान प्रकारच नसल्याने तिथे पैशांतला पूर्णांक बरा.

प्रकार अचूक असला तरी पूर्णांकनाचा, म्हणजे रक्कम जवळच्या पैशात वा रुपयात आणण्याचा, प्रश्न उरतोच. इतवारीच्या सराफ्यातील बिलात करपात्र रक्कम ६१,२३४.३३ रुपये आणि जीएसटी ३ टक्के धरू. केंद्र व राज्याचे दीड-दीड टक्का वेगळे काढून पैशापर्यंत आणले तर ९१८.५१ अधिक ९१८.५१, म्हणजे १,८३७.०२, एकत्र ३ टक्के काढले तर १,८३७.०३. दोन्ही गणिते डेसिमलमध्येच केलेली आहेत. केंद्रीय जीएसटी अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची असते. पन्नास पैसे वा अधिक असल्यास वरचा रुपया. म्हणून ओळनिहाय कर चार स्थळांत साठवून शेवटी एकदाच पूर्णांकन करण्याचा प्रघात आहे.

अनेक चलने असल्यास रकमेशेजारी चलनसंकेताचा स्वतंत्र स्तंभ लागतो. चलनसंकेतांच्या आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे रुपयाला दोन, जपानी येनला शून्य आणि कुवेती दिनारला तीन दशांश स्थळे आहेत.