पार्श्वभूमी: शरीर पडद्यावर उलटतं तेव्हा

कोकणात डोळ्याच्या मागच्या बाजूला काहीही बिघडलं की दोनच नावं ऐकू येतात: 'नस सुकली' किंवा 'पडदा (डोळ्यातला प्रकाश टिपणारा थर) गेला'. त्यामुळे तिन्हीसांजेला पाखाडीच्या पायऱ्या दिसेनाशा झालेला पन्नाशीतला माणूस, घराण्यात कुणाला रातांधळेपणा नसतानाही, 'आनुवंशिक आहे, इलाज नाही' एवढंच ऐकून घरी येतो. अशांपैकी मोजक्यांचा आजार वेगळा असतो. त्यांची रोगप्रतिकारक शक्तीच पडद्यातल्या पेशींवर उलटलेली असते.

एका डोळ्याला जखम झाली की पुढे दुसरा, धडधाकट डोळाही सुजून निकामी होऊ शकतो, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. सूज न दिसताही पडदा विझतो, हे कर्करोगाच्या रुग्णांत नोंदलं गेलं ते १९७६ साली. (आपला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही त्याच वर्षीचा, त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला, किनाऱ्यावरच्या शिबिरांचाही.) फुप्फुसातली गाठ पडद्यातलंच रिकव्हरिन हे प्रथिन बनवू लागते, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती प्रकाशपेशींनाही मारतात. कित्येकदा नजर आधी जाते, गाठ नंतर सापडते.

पुढे कर्करोग नसलेल्यांतही अशी प्रतिपिंडं सापडली आणि खरा गुंता झाला. सगळ्यांना मिळून 'ऑटोइम्यून रेटिनोपॅथी' हे नाव पडलं. नाव पडलं म्हणजे कारण सिद्ध झालं, असंच वाटू लागलं. पण ही प्रतिपिंडं निरोगी माणसांच्या रक्तात असतात, रेटिनायटिस पिग्मेंटोझा या पडद्याच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतही असतात. ती पडदा मारतात की पडदा मेल्यावर तयार होतात, हे रिपोर्ट सांगत नाही. दोन प्रयोगशाळांची उत्तरंही जुळतीलच असं नाही. २०१६ साली तज्ज्ञांच्या एका गटाने निकष मांडले: प्रतिपिंडं हवीत, ईआरजी (प्रकाशाला पडदा देतो त्या विद्युत प्रतिसादाची नोंद) बिघडलेला हवा, आणि नजर जाण्याचं दुसरं कारण किंवा डोळ्यात उघड सूज नको. चाचणीला एकसारखं प्रमाण हवं, असंही ते म्हणाले. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. छुपा क्षय उसळायला तेवढं पुरतं.

ईआरजीसाठी इथून बहुधा रातराणीने मोठं शहर गाठावं लागतं. वीसेक मिनिटं काळोखात बसवतात, डोळ्याला बारीक तार टेकवतात, प्रकाशाचे झोत टाकतात. शिबिरात बॅटरीच्या उजेडात ठीकठाक दिसलेल्या पडद्याची रेघ तिथे कागदावर सपाट उमटते.