टाकीतला मासा बोडी-तलावात सोडण्याआधी दुकानात या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार,

एप्रिल-मे लागला की दुकानात हमखास ऐकू येते, "भाऊ, लाइन जाते, पंप बंद पडतो. ऑस्कर मासा मरेल म्हणून तलावात सोडून आलो." सोडणाऱ्याच्या मनात दया असते, हे आम्ही जाणतो. पण त्या एका माशापायी तलावातल्या बाकीच्या जिवांचे काय होते, तेही ग्राहकाला कळायला हवे. मासा आम्हीच विकलेला असतो, म्हणून सांगण्याची जबाबदारीही आमचीच.

गोष्ट समुद्रातली आहे, पण सुरुवात बहुधा अशाच काचेच्या टाकीतून झाली. लायनफिश हा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला मासा. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पर आणि 18 विषारी काटे. आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांतही तो आहे, आणि तिथे आपल्या जागी राहतो. 1985 मध्ये तो अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यापाशी पहिल्यांदा दिसला. हौशी लोकांनी टाकीतले मासे समुद्रात सोडले असावेत, असे अभ्यासक मानतात. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरला. एक मादी वर्षाला सुमारे 20 लाख अंडी घालते आणि ती प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात.

याची शिकार बघण्यासारखी असते. तो धावत नाही. दोन्ही बाजूंचे पर सुपासारखे पसरून लहान माशाला खडकाच्या कोपऱ्यात दाबत नेतो. मग तोंडाने पाण्याची बारीक चूळ त्याच्यावर सोडतो. पाणी कुठून आले म्हणून तो मासा तोंड वळवतो आणि डोक्याकडून गिळला जातो. तिकडच्या माशांनी पिढ्यानपिढ्या असा शिकारी पाहिलेला नाही, त्यामुळे कित्येक मासे पळतसुद्धा नाहीत.

बहामा बेटांजवळच्या लहान प्रवाळ-खडकांवर अभ्यासकांनी एकेक लायनफिश ठेवून पाहिला. पाच आठवड्यांत तिथे नव्याने येणाऱ्या देशी माशांच्या पिल्लांची भर 79 टक्क्यांनी घटली. तिथल्याच दुसऱ्या पाहणीत, 2008 ते 2010 या दोन वर्षांत त्याच्या भक्ष्य माशांचे एकूण वजन 65 टक्क्यांनी उतरले.

यात प्रवाळाचे काय बिघडते, असे वाटेल. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी ती चिमुकल्या जिवांची वस्ती असते. पोपटमाशासारखे मासे तिथले शेवाळ खरवडून खातात. धानाच्या बांधीत निंदण झाले नाही तर काय होते ते आपल्याला सांगायला नको. प्रवाळावर निंदणारे हात म्हणजे हे मासे. त्यांची पिल्ले लायनफिशच्या पोटात गेली की शेवाळ माजते आणि प्रवाळाच्या नव्या पिल्लाला चिकटायला मोकळी जागा उरत नाही. आज तिकडे पाणबुडे भाले घेऊन लायनफिश मारतात, त्याच्या स्पर्धा भरवतात. पण हा मासा पाणबुड्याचा हात पोचत नाही इतक्या खोलवरही राहतो. तो आता तिथून जाणार नाही.

गोड्या पाण्यात असे होत नाही, असे समजू नका. पनामातल्या गाटुन तलावात 1960 च्या दशकात एका खासगी तळ्यातून पिकॉक बास हा शिकारी मासा निसटला. थोड्याच वर्षांत तिथले बहुतेक लहान देशी मासे दिसेनासे झाले आणि त्यांच्यावर जगणारे पाणपक्षीही कमी झाले.

आता आपले मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव. श्रावणात काठाशी लालसर पिल्लांचा घोळका वर-खाली होताना दिसतो आणि त्याच्या खालीच मरळ राखण करत असते. मरळही शिकारीच, पण या तलावातल्या माशांना ती ठाऊक आहे. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अ‍ॅलिगेटर गार हे बाहेरून आणलेले शिकारी मासे ठाऊक नाहीत. त्यातला गार तर बोटाएवढा विकला जातो आणि वाढून सहा फुटांच्याही वर जातो. त्याची अंडी माणसालाही विषारी असतात. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. पण जो जगला, तो एका बोडीत थांबत नाही. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की चढणीचे मासे वर येतात, तसाच हा खाली उतरतो, नाल्यातून चुलबंद नदीत आणि तिथून वैनगंगेत. ज्या ढिवर बांधवांचे घर त्या पाण्यावर चालते, त्यांच्या जाळ्यात मग काय येईल?

आम्ही स्वतः एकदा चूक केली आहे. जागा नव्हती म्हणून दहा गप्पी एका रात्रीपुरत्या ऑस्करच्या टाकीत ठेवल्या. सकाळी दोन उरल्या होत्या, त्याही फिल्टरच्या मागे दडलेल्या. त्या दिवसापासून मोठा होणारा शिकारी मासा देताना तो किती वाढेल ते आम्ही आधीच सांगतो. गार विकणे आम्ही पूर्ण बंद केले आहे. थाई मांगूर हा परदेशी शिकारी मासाही मागू नये. त्याच्या पालनावर केंद्र सरकारची 2000 सालापासून बंदी आहे.

मासा नकोसा झाला, मोठा झाला किंवा गाव सोडून जायचे असेल, तर तो आमच्याकडे आणा. दुसऱ्या दुकानातून घेतलेला असला तरी चालेल, पैसे लागणार नाहीत. आदल्या दिवशी खायला घालू नका. जाड पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, तोंड रबराने घट्ट बांधा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीतून आणा. टाकीचे पाणी आणि त्यातली वनस्पतीही बोडीत किंवा नाल्यात ओतू नका. पाणी झाडांना घाला, वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून टाका.

लाइन गेली तर बॅटरीवरचा लहान एअर पंप आमच्याकडे भाड्याने मिळतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी तलावावर गर्दी असते आणि नेमके तेव्हाच बरेच मासे पाण्यात सोडले जातात, म्हणून त्या दिवशी दुकान रात्री नऊपर्यंत उघडे ठेवतो.