अनेक कंपन्यांच्या हिशेबात समाईक अकाउंटिंग डायमेन्शन: ईआरपीनेक्स्टमधील पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मस्जिद बंदरला पेढी, भिवंडीला गोदाम आणि अंधेरीला विक्री कार्यालय, पण कागदोपत्री मात्र तीन वेगळ्या खासगी कंपन्या, अशी रचना मुंबईतल्या व्यापारी घराण्यांत नवी नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार प्रत्येक कंपनीने आपली हिशेबपुस्तके स्वतंत्र ठेवायची असतात, आणि ती ठेवलीही जातात. अडचण येते ती मालकांच्या साध्या प्रश्नापाशी: "भिवंडीवर आपला एकूण खर्च किती होतो?" त्या एकाच गोदामात तिन्ही कंपन्यांचा माल असतो, भाडे एक कंपनी भरते, हमाली दुसरी आणि विजेचे बिल तिसरी. ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाच्या नावे टाकायचा तो कप्पा) एकेका कंपनीचे असते आणि त्याच्या नावामागे त्या कंपनीचे संक्षिप्त नाव लागते; त्यामुळे 'भिवंडी' नावाची तीन कॉस्ट सेंटरे तयार होतात आणि त्यांची बेरीज एक्सेलमध्ये हाताने करावी लागते. अकाउंटिंग डायमेन्शन, म्हणजे प्रत्येक नोंदीवर शाखेसारखी जादा खूण लावून त्यानुसार हिशेब पाहण्याची सोय, याच ठिकाणी उपयोगी पडते.

ही मांडणी कोणत्याही सरकारी पोर्टलवर भरायची नसते आणि तिच्यासाठी शुल्कही नसते. तरीही तिला अर्जासारखीच शिस्त लावावी, असे माझे ठाम मत आहे, कारण डायमेन्शन एकदाच तयार होते आणि त्याचा रकाना प्रणालीतल्या सर्व कंपन्यांच्या व्हाउचरांवर (बिले, पावत्या अशा नोंदींवर) एकदम उमटतो. एका कंपनीपुरता प्रयोग करून पाहू, असे येथे करता येत नाही.

पात्रता

डायमेन्शन तयार करण्याचा अधिकार मूळ मांडणीत सिस्टम मॅनेजर या भूमिकेकडे असतो; लेखा विभागाने मागणी करायची आणि सिस्टम मॅनेजरने नोंद करायची, ही वाटणी तशीच ठेवावी. डायमेन्शन कशाचे करता येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कॉस्ट सेंटर आणि प्रोजेक्ट ही दोन डायमेन्शने मुळातच दिलेली असल्याने ती पुन्हा करता येत नाहीत. बाकी ब्रँच, डिपार्टमेंट किंवा आपण स्वतः तयार केलेली एखादी यादी चालते. ब्रँचच्या यादीला कंपनी जोडलेली नसते, म्हणून 'भिवंडी' ही एकच ब्रँच तिन्ही कंपन्यांना वापरता येते. डिपार्टमेंट मात्र कंपनीशी बांधलेले असते आणि त्याच्याही नावाला कंपनीचे संक्षिप्त नाव चिकटते. कंपन्यांच्या सीमा ओलांडून बेरीज हवी असेल, तर डिपार्टमेंट निवडणे म्हणजे कॉस्ट सेंटरचीच अडचण नव्या नावाने ओढवून घेणे होय.

कागदपत्रे

नोंद करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी तयार असाव्यात. सर्वांत आधी मूल्यांची, म्हणजे ब्रँचच्या नावांची, अंतिम यादी लागते, आणि ती एकाच व्यक्तीने, एकाच लेखनपद्धतीने केलेली असावी. आमच्याकडे तीन कंपन्यांच्या तीन लेखनिकांनी आपापली नावे भरली, तेव्हा 'भिवंडी', 'भिवंडी गोडाऊन' आणि 'भिवंडी जी-2' अशी एकाच शेडची तीन नावे झाली होती, आणि ती एकत्र करण्यात एक पूर्ण शनिवार गेला. दुसरा कागद म्हणजे कंपनीनिहाय तक्ता: कोणत्या कंपनीत डायमेन्शन सक्तीचे, कोणत्या कंपनीत ऐच्छिक आणि प्रत्येकीचे गृहीत मूल्य (काही न निवडल्यास आपोआप येणारे) कोणते. याशिवाय अंमलबजावणीची तारीख, लेखापरीक्षकांची संमती आणि त्या दिवसाचा डेटाबेस बॅकअप असावा. तारीख शक्यतो 1 एप्रिल धरावी; वर्षाच्या मध्यात सुरुवात केली, तर आधीच्या नोंदींवर तो रकाना रिकामाच राहतो आणि त्या वर्षाचा अहवाल अर्धवट दिसतो.

प्रक्रिया

अकाउंटिंग डायमेन्शनची नवी नोंद उघडून संदर्भ प्रकार म्हणून ब्रँच निवडावा. जतन केल्यावर हा प्रकार बदलता येत नाही. चूक झाल्यास नवे डायमेन्शनच करावे लागते. रकाने पार्श्वभूमीत तयार होत असल्याने विक्री व खरेदी बिले, जर्नल एन्ट्री, पेमेंट एन्ट्री यांवर ते दिसायला थोडा वेळ लागू शकतो, आणि पान पुन्हा उघडावे लागते.

त्यानंतर गृहीत मूल्यांच्या तक्त्यात प्रत्येक कंपनीसाठी एक ओळ भरावी. या ओळीत सक्तीच्या दोन स्वतंत्र खुणा असतात, एक नफा-तोट्याच्या खात्यांसाठी आणि दुसरी ताळेबंदाच्या खात्यांसाठी. या तक्त्यात एखादी कंपनी घातलीच नाही, तरी तिच्या व्हाउचरांवर रकाना दिसतो, फक्त तो सक्तीचा नसतो.

माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी सक्ती केवळ नफा-तोट्यापुरती ठेवावी. विक्री बिलात उत्पन्नाची नोंद वस्तूच्या ओळीवरील मूल्य घेते, तर ग्राहकाकडून येणे असलेल्या रकमेच्या खात्याची नोंद बिलाच्या शीर्षभागातले मूल्य घेते. म्हणून ताळेबंदाची सक्ती लावताच प्रत्येक बिलाच्या, प्रत्येक पावतीच्या वरच्या भागात ब्रँच भरणे भाग पडते. आम्ही दोन्ही खुणा उत्साहाने लावल्या आणि पुढच्या सोमवारी बँकेच्या पावत्या सबमिट होईनात. एकाच पावतीत अंधेरीचे आणि भिवंडीचे बिल वळते होत असेल, तर वर कोणती ब्रँच लिहायची, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी दुसरी खूण काढली.

सक्ती सर्व खात्यांवर नको असून फक्त भाडे, हमाली, वीज अशा निवडक खात्यांवर हवी असेल, तर अकाउंटिंग डायमेन्शन फिल्टर वापरावा. तेथे कंपनी व खाती निवडून ठरावीक ब्रँचनाच परवानगी देता येते किंवा ठरावीक ब्रँच वगळता येतात, आणि त्या खात्यापुरती सक्तीही करता येते. अंधेरीत गोदाम नसताना हमालीच्या खात्यावर 'अंधेरी' पडणे यामुळे थांबते. फिल्टर मात्र कंपनीनिहाय असल्याने तीन कंपन्यांसाठी तो तीनदा करावा लागतो.

आंतरकंपनी व्यवहारांत दोन्ही बाजूंची ब्रँच स्वतंत्रपणे तपासावी. भाडे भरणारी कंपनी इतर दोघींकडून आपला वाटा वसूल करते, तेव्हा तिच्या वसुलीवरही 'भिवंडी' पडली नाही, तर गोदामाचा खर्च अहवालात फुगतो: मूळ भाडे एकदा आणि वाटा दुसऱ्यांदा.

पडताळणीसाठी त्या महिन्याची जनरल लेजर (सर्व खात्यांच्या नोंदींची खातेवही) ब्रँचनिहाय काढावी आणि रिकाम्या ब्रँचच्या ओळी प्रथम पाहाव्यात. आमच्याकडे त्या बहुतेक राऊंड ऑफच्या आणि बँकेच्या शुल्काच्या निघाल्या. डायमेन्शन नको झाले, तर ते हटवू नये, कारण त्याबरोबर व्हाउचरांवरचे रकानेही जातात. ते निष्क्रिय करावे. तसे केल्यास रकाने फक्त वाचण्यापुरते उरतात आणि जुन्या नोंदींवर लिहिलेली 'भिवंडी' जागच्या जागी राहते.