बाळ शांत आहे, पण टीएसएच तपासलं का?

रात्रभर झोपतं, फारसं रडत नाही, दुधासाठीसुद्धा उठवावं लागतं. अशा बाळाचं घरात कौतुक होतं: किती शहाणं बाळ! बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. काही बाळांच्या बाबतीत मात्र ही सुस्ती थायरॉईड संप्रेरक कमी पडत असल्याची खूण असते. ते ओळखायला रक्तातलं टीएसएच तपासतात. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं. आपल्याकडे साधारण 1000 ते 1500 नवजात बाळांमागे एकाला हा जन्मजात विकार असतो.

थायरॉईड ग्रंथी गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होते आणि सातव्या आठवड्यापर्यंत खाली सरकून गळ्यात बसते. कधी ती तयारच होत नाही, कधी खुरटी राहते, कधी वाटेतच जिभेखाली अडकते. काही बाळांत ग्रंथी जागेवर असते, पण संप्रेरक बनवण्यातला एखादा टप्पा जनुकीय दोषामुळे बंद असतो. हा दुसरा प्रकार बहुधा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर दिसतो, म्हणून नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत त्याची शक्यता वाढते.

गर्भात असताना आईचं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं मुख्य संप्रेरक, वारेतून थोडं थोडं बाळाला मिळत असतं. त्यामुळे जन्मतः बाळ अगदी ठणठणीत दिसतं. रेंगाळलेली कावीळ, घट्ट शी, घोगरं रडणं, मोठी जीभ, फुगलेली बेंबी, गार पडलेली कोरडी त्वचा ही लक्षणं हळूहळू, कित्येकदा काही आठवड्यांनी उमटतात. मेंदूला तेवढी सवड नसते. जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मेंदूची जडणघडण या संप्रेरकावर अवलंबून असते, आणि सुरुवातीचे आठवडे सर्वांत नाजूक. नवजात तपासणी सुरू होण्याआधी, 1972 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 3 महिन्यांच्या आत उपचार मिळालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 89 होता. 6 महिन्यांनंतर मिळालेल्यांचा 54. तो आकडा वाचताना आजही पोटात गोळा येतो, कारण औषध तेव्हाही उपलब्ध होतं. कमी पडला तो वेळ.

वेळेत निदान होण्याची ही उणीव कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात डॉक्टर जाँ द्युसो यांनी भरून काढली. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून त्यात थायरॉक्सिन मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली, आणि 1974 पासून तिथे सरसकट तपासणी सुरू झाली. आपल्याकडे गोव्याने 2008 मध्ये नवजात तपासणीची सरकारी योजना सुरू केली. महाराष्ट्रात अनेक रुग्णालयांत ही तपासणी होते, पण सगळीकडे ती आपोआप होईलच असं धरून चालू नका. प्रसूतीआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

रक्त कधी घेतलं हेही महत्त्वाचं. जन्मताच बाहेरची थंडी लागते आणि बाळाचं टीएसएच अर्ध्या तासात उसळी मारतं. ते उतरायला दोन दिवस लागतात. पहिल्याच दिवशी टाचेतून रक्त घेतलं, तर निरोगी बाळाचा अहवालही धास्ती वाढवणारा येऊ शकतो. म्हणून नमुना 48 ते 72 तासांच्या दरम्यान घेतात, किंवा ही उसळी येण्याआधीच, जन्मताक्षणी, नाळेतून. मुदतीपूर्वी जन्मलेल्या, कमी वजनाच्या आणि जुळ्या बाळांची तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. अहवाल हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

निदान झालं की लेव्होथायरॉक्सिनची गोळी, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून आईच्या थोड्याशा दुधात किंवा पाण्यात कालवून लगेच पाजायची. बाटलीभर दुधात टाकायची नाही, बाळगुटीत तर नाहीच. लोह आणि कॅल्शियमची औषधं तिच्यापासून काही तास लांब ठेवायची. ही गोळी स्वस्त आहे आणि जे संप्रेरक शरीराने बनवायला हवं होतं तेच ती पुरवते, त्यामुळे "एवढ्याशा जिवाला रोज औषध" ही धास्ती बाळगू नये. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा बदलत राहावी लागते, कारण वजन झपाट्याने वाढतं.

सगळ्याच मुलांना ती जन्मभर लागत नाही. आईच्या थायरॉईडच्या औषधांमुळे किंवा आयोडीन कमी-जास्त झाल्यामुळे आलेला दोष तात्पुरता असू शकतो. ज्यांच्याबाबत अशी शंका असते त्यांची गोळी तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर काही आठवडे थांबवून पाहतात आणि पुन्हा टीएसएच तपासतात. त्याआधी आईवडिलांनी ती स्वतःहून बंद करायची नाही.