पहिले घर घेणारी पहिली पिढी: गृहकर्ज सवलतींची पार्श्वभूमी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी अर्जात उत्पन्नाच्या मर्यादेबरोबर मुख्य अट अशी असते: अर्जदाराच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. आईवडिलांच्या नावावर कधी घर होते का, हे विचारले जात नाही. त्यामुळे वडिलांच्या फ्लॅटमध्ये वाढलेला संसारी मुलगा आणि चाळीतल्या भाड्याच्या खोलीत वाढलेला मुलगा, दोघांचे उत्पन्न सारखे असेल तर सरकारच्या लेखी दोघेही सारखेच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची एक योजना मात्र आईवडिलांकडे घर होते का, हेच आधी विचारते आणि घर घेताना स्वतः भरायच्या सुरुवातीच्या रकमेसाठी मदत देते. आपल्याकडे हा विचार का रुजला नाही, हे समजायला गृहकर्जाचा इतिहास बघावा लागतो.

मुंबईतल्या कष्टकऱ्यांच्या पिढ्या भाड्याच्या खोल्यांत गेल्या. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांच्या डोक्यावरचे छप्पर टिकवले आणि ते काम मोठेच होते. पण पागडीच्या, म्हणजे मालकाला आगाऊ रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या खोलीत आयुष्य काढले, तरी ती बँकेकडे तारण ठेवून मुलाच्या घरासाठी पैसे उभे करता येत नाहीत. गावाकडे जमीन असली तर सातबाऱ्यावर चुलत्यांची, चुलतभावांची नावे. म्हणजे घर घ्यायला निघालेल्या मुलाच्या पाठीशी कागदावर काहीच नसते.

मालकीचे घर ही त्या काळात वेगळ्या वर्गाची गोष्ट होती. मुंबईतल्या गावदेवीत 1915 मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली, ती नोकरदार, शिकलेल्या समाजाच्या बळावर. इतरांचे घर झालेच तर निवृत्तीनंतर, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून. 1970 मध्ये हुडको ही घरांसाठी कर्ज देणारी सरकारी कंपनी आली, पण तिचा भर गृहनिर्माण मंडळांसारख्या संस्थांना कर्ज देण्यावर होता. घर घेणाऱ्या माणसाला थेट, मासिक हप्त्यावर कर्ज देण्याची वाट हसमुखभाई पारेख यांनी 1977 मध्ये एचडीएफसी स्थापन करून रुंद केली. 1988 मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, पुढच्याच वर्षी एलआयसी हाउसिंग. नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाचे यातून खरोखर भले झाले. पण ही सगळी व्यवस्था पगाराच्या स्लिपभोवती उभी राहिली. रिक्षावाला, भाजीवाली, घरकाम करणारी बाई महिन्याला कमावतात, पण ती कमाई दाखवणारा कागद त्यांच्याकडे नसतो. व्याजावरची प्राप्तिकर सवलतही कर भरणाऱ्यालाच उपयोगी.

गिरणी कामगारांची गोष्ट तर मनाला लागणारी आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांची मोठी सोडत निघाली ती थेट 2012 मध्ये. सुमारे 225 चौरस फुटांचे घर, किंमत साडेसात लाख. मुंबईच्या मानाने किंमत अगदी कमी होती. पण घराण्यात पहिल्यांदा स्वतःचे घर लागलेला कामगार तोवर म्हातारा झालेला होता, आणि त्या वयाला लांब मुदतीचे कर्ज मिळत नाही.

गरीब कर्जदारासाठी केंद्राची पहिली मोठी शहरी व्याज सवलत 2008 ची: एक लाखापर्यंतच्या कर्जावर पाच टक्के. एवढ्या कर्जात शहरात घर येणार नव्हते. बँकांनीही तिच्यात फारसा रस घेतला नाही. 2015 च्या आवास योजनेत ही सवलत सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के झाली आणि सुमारे 2.67 लाखांपर्यंतची रक्कम एकदम मुद्दलातून वजा होऊ लागली. 2017 पासून मध्यम उत्पन्न गटही त्यात आला. 2022 मध्ये हा भाग संपला. 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात मर्यादा अशा: घर 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत. जास्तीत जास्त 1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत.

मला हा उलटा प्रवास वाटतो. कारण पहिल्या पिढीचा माणूस अडतो तो कर्ज मिळण्याआधी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या फार तर 90 टक्के देता येते. बदलापूरला किंवा नालासोपाऱ्याला 25 लाखांचा फ्लॅट घ्यायचा तर अडीच लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरले तर दीड लाख आणि नोंदणीचे 25 हजार वेगळे, कारण हा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देण्याची मुभा 2015 पासून फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांना आहे. हे सव्वाचार लाख ज्याच्या वडिलांचे स्वतःचे घर आहे, त्याच्याकडे बहुधा घरातूनच येतात. दुसरा ते सोने गहाण टाकून किंवा सावकाराकडून आणतो. व्याज सवलतीचा पहिला हप्ता येईपर्यंत त्या उसनवारीवरचे व्याज सुरू झालेले असते.